रविवारी डोंगर चढायचाय? नवी वाट निवडताना आधी परतीचा हिशेब करा

सोलापूर : आपल्या जिल्ह्याला चालणं नवं नाही. आषाढीला वारी, कोजागिरीला सोलापूरहून पायी तुळजापूर, चैत्रात शिखर शिंगणापूर. पायाला सवय आहे. त्यामुळं गावातली चार-पाच पोरं रविवारी गाड्या काढून "चला, कुठल्यातरी गडावर जाऊ" म्हणतात, तेव्हा त्यात अवघड असं कुणाला काही वाटत नाही. पण आपलं हे बहुतेक चालणं सपाटीचं आहे. वारीच्या रस्त्यावर दमलं तर बसायला झाड असतं, पाणी देणारा असतो, मागून येणारा टेम्पो असतो. डोंगराच्या वाटेवर यातलं काही नसतं, आणि जेवढं चढलो तेवढं दमलेल्या पायांनी उतरावं लागतं.

त्यात वाट निवडली जाते ती मोबाइलवरचा रील बघून. रीलमध्ये माथ्यावरचा झेंडा दिसतो, धबधबा दिसतो. किती वाजता निघाले, पाणी किती नेलं, परत येताना अंधार पडला का, हे दिसत नाही. म्हणून एका दिवसात जाऊन येण्यासारखी नवी वाट शोधणाऱ्यांनी काय बघावं आणि आपल्या कुठल्या तालुक्याला कुठला डोंगर जवळ पडतो, याची ही माहिती.

आपल्या आसपास डोंगर आहेत कुठं?

सोलापूर जिल्हा पठारावर आहे. सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, आणि आजूबाजूला नजर जाईल तिथवर माळ. पण जिल्ह्याच्या दोन कडांना डोंगर लागतात. ईशान्येला बार्शीच्या पुढं बालाघाटची रांग आहे. येडशी, तुळजापूर हे सगळं तिच्यावर किंवा तिच्या कडेला. पश्चिमेला माळशिरस तालुक्याच्या टोकाला शंभू महादेवाची रांग येऊन भिडते. शिखर शिंगणापूर याच रांगेत, आणि माण-खटावमधले महिमानगड, वर्धनगड, भूषणगड हे किल्लेही याच भागात.

राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई हे खरे सह्याद्रीतले. सोलापूरहून पुणंच अडीचशे किलोमीटर, तिथून पुढं पायथ्याचं गाव. म्हणजे जाता-येता दहा-बारा तास नुसता प्रवास. याला एका दिवसाची सहल म्हणता येत नाही. रात्री जागून गाडी चालवायची, सकाळी चढायचं, संध्याकाळी पुन्हा गाडी चालवायची, यात डोंगरापेक्षा रस्ता जास्त धोक्याचा. त्यातून ऑक्टोबर ते मार्च आपल्याकडं गाळपाचा हंगाम असतो. उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात, आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. पंढरपूर, माळशिरस, माढा भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. दिवसभर डोंगर चढून आलेला माणूस रात्री दहाला मोटारसायकलवर असेल, तर आधी डोळा लागतो आणि मग ट्रॉली दिसते.

त्यामुळं पहिली चाळणी हीच लावा. घरापासून पायथ्यापर्यंत एका बाजूचा प्रवास तीन तासांच्या आत असावा, आणि दिवस मावळायच्या आत निदान मोठ्या रस्त्याला लागता यावं. या चाळणीतून जे डोंगर खाली पडतील ते वाईट नाहीत, पण त्यांना मुक्कामाची तयारी करून जायचं.

वेळ कसा काढायचा

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकानं १८९२ साली एक सोपा हिशेब मांडला, तो आजही जगभर वापरतात. आपल्या मापात सांगायचं तर चालायला दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवायचा. समजा जाऊन-येऊन ८ किलोमीटरची वाट आहे आणि चढ ४०० मीटरचा. चालण्याचे झाले एक तास ३६ मिनिटं, चढाची ४० मिनिटं. एकूण सव्वादोन तास.

पण हा हिशेब तयारीच्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. आपल्या गटात पोटं सुटलेले दोघं, एक बारा वर्षांचा मुलगा, फोटो काढणारे तिघं असं धरून याची दीडपट करा. म्हणजे साडेतीन तास. वर बसणं, जेवणं, देवदर्शन यांचा एक तास. साडेचार तास झाले. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या आत सूर्य मावळतो. उतरून पायथ्याला साडेचारला यायचं असेल तर फार तर बाराला चढायला लागायला हवं. बाराचं ऊन कोण अंगावर घेणार? म्हणून सात-आठलाच पायथ्याला असावं, आणि त्यावरून घरातून किती वाजता निघायचं ते ठरवावं. हिशेब असा उलटा, संध्याकाळकडून सकाळकडं केला की बरोबर येतो.

यात आणखी एक वेळ आधीच ठरवून ठेवायची, ती म्हणजे मागं फिरण्याची. माथा आला असो वा नसो, समजा दुपारी एक वाजला की मागं वळायचं. हे निघतानाच सगळ्यांसमोर बोललेलं बरं. वर गेल्यावर "आता एवढ्यावर आलोय" म्हणणारा एकजण प्रत्येक गटात असतोच. आणि एसटीनं जाणार असाल तर परतीची शेवटची गाडी किती वाजता, ती रविवारी असते का, हे आदल्या दिवशी डेपोत विचारा. खेड्याकडच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळेनं ठरलेल्या असतात, त्या सुट्टीच्या दिवशी निघतीलच असं नाही.

चढ किती आहे हे कळणार कसं? गूगल मॅपमध्ये लेअर्सच्या खुणेवर दाबून 'टेरेन' निवडलं की डोंगरावर वळणावळणाच्या रेषा दिसतात. एक रेष म्हणजे एक उंची. रेषा लांब लांब असतील तर चढ सौम्य, एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथं कडा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी नकाशांत साधारणपणे दोन रेषांमध्ये २० मीटरचा फरक असतो. म्हणजे वीस रेषा ओलांडल्या की ४०० मीटर चढलो. सातबारा आणि गट नंबरचे नकाशे वाचणाऱ्या माणसाला हे जड नाही.

मात्र त्याच मॅपवर 'चालत जाण्याचा रस्ता' म्हणून जी निळी टिंबं दिसतात, त्यांच्यावर डोंगरात भरवसा ठेवू नका. कित्येक पाऊलवाटा त्यात नाहीत, आणि काही ठिकाणी दाखवलेली वाट केव्हाच मोडलेली असते. पायथ्याच्या गावापर्यंत मॅप, तिथून पुढं माणूस, असं धरून चालावं.

सोंडेची वाट, घळीची वाट आणि ढोरवाट

हे नीट वाचा, कारण वाट चुकण्याचे आणि पाय मोडण्याचे निम्मे प्रकार इथूनच होतात.

डोंगरावर चढणाऱ्या वाटा ढोबळपणे दोन जातींच्या. एक सोंडेची. डोंगराचा उतार हत्तीच्या सोंडेसारखा खाली आलेला असतो, त्याच्या पाठीवरून वाट जाते. दोन्ही बाजूला मोकळं दिसतं, पायथ्याचं गाव नजरेत राहतं, वारा लागतो, आणि पावसाचं पाणी दोन्हीकडं उतरून जातं. ऊन मात्र डोक्यावर. दुसरी घळीची. दोन सोंडांच्या मधल्या चिरेतून वर जाते. सावली असते, वाट बहुतेक वेळा जवळची असते, म्हणून मोह होतो. पण घळ ही पाण्याची वाट आहे. कोरड्या दिवसांत तिथं सुटे दगड पडलेले असतात. वरच्या माणसाच्या पायाखालचा दगड सुटला तर तो खालच्याच्या डोक्यात येतो. पावसात तर वर कुठं सर आली हे खाली कळतही नाही आणि पाणी अचानक वाढतं.

नवख्या गटानं सोंडेची वाट निवडावी. थोडी लांब पडली तरी चालेल. पावसाळ्यात तर दुसरा विचारच नको.

तिसरा प्रकार फसवा, ढोरवाट. गुरं-शेळ्या चरायला जातात त्यांच्या पायांनी पडलेली. दिसायला ठसठशीत, माणसांच्या वाटेसारखीच. पण ती गावाला किंवा माथ्याला जात नाही, चाऱ्याला जाते. डोंगराच्या अंगानं आडवी आडवी जाते, तिला फाटे फुटतात आणि शेवटी गवतात विरून जाते. माण-माळशिरसच्या डोंगरांवर मेंढरांच्या अशा शेकडो वाटा आहेत. ओळखायची खूण अशी : माणसाच्या वाटेवर अवघड जागी कुठं पायरीसारखा दगड, कुठं दगडावर झिजल्याची चकाकी, कुठं कागद-बाटली दिसते (वाईट आहे, पण दिसते). ढोरवाटेवर लेंड्या दिसतात आणि डोक्याच्या उंचीला बाभळीच्या फांद्या आडव्या येतात, कारण मेंढरू खालून जातं. असं दिसायला लागलं आणि वाट पंधरा-वीस मिनिटं वर चढतच नाही असं वाटलं की पुढं रेटू नका. जिथं शेवटची खात्रीची वाट होती तिथवर मागं या.

मेंढरामागचा माणूस भेटला तर त्याच्याइतका जाणकार दुसरा नाही. फक्त प्रश्न नीट विचारा. "वाट हाय का?" विचारलं तर तो "हाय की" म्हणणारच, त्याच्यासाठी असतेच. त्यापेक्षा "बायका-पोरं जातात का या वाटेनं?", "किती वेळ लागंल?" ऐवजी "तुम्ही सकाळी निघालात तर वर किती वाजता पोचता?", "वर पाणी कुठवर टिकतं?" असं विचारा. आणि तो सांगेल त्या वेळेच्या दुप्पट धरा. तो रोज चढतो.

उतरणीबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडच्या लोकांना चढ जातो, उतार जात नाही. गुडघ्याची आणि मांडीची ती सवयच नसते. सुट्या मुरमाच्या उतारावर, ज्याला घसारा म्हणतात, पाय गोट्यांवरून गेल्यासारखा सरकतो. अशा ठिकाणी सरळ खाली न धावता आडवं-तिरपं उतरायचं, पाऊल छोटं टाकायचं, आणि दोन माणसांत अंतर ठेवायचं. चप्पल, सँडल आणि तळ गुळगुळीत झालेले बूट घरी ठेवा. भारी बूट लागत नाहीत, पण तळाला खाचा हव्यात.

पावसाळा : तिकडचा आणि आपला

सोलापुरात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा सप्टेंबरात. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. दहापट. पाऊस म्हणजे आनंद, असं मनात घेऊन वाढलेली आपली माणसं जुलैत घाटावर जातात तेव्हा त्या पावसाचा अंदाजच येत नाही. ३० जून २०२४ ला, रविवारीच, लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी काही मिनिटांत वाढलं होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगडावर पाऊस आणि धुक्यात एक गट वाट चुकला, त्यातल्या एकाचा थंडीनं जीव गेला. ऑगस्टमध्ये, महाराष्ट्रात, थंडीनं. आपल्या बाजूच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण ओलं अंग आणि वारा असेल तर त्याला डिसेंबर लागत नाही.

आमच्या मते सोलापूरकरांनी पावसाळ्यात पश्चिमेचे घाट सोडून आपल्याच पर्जन्यछायेतले डोंगर धरावेत. माण-खटावचे गड जुलै ते ऑक्टोबर हिरवे असतात, पाऊस झडीचा नसतो, धुकं कमी, वाटा मोकळ्या. ऑक्टोबर संपताना कुसळी गवत वाळतं आणि ती कुसळं पँटमधून, मोज्यांतून टोचतात, एवढाच त्रास. नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात चांगला काळ. फेब्रुवारीपासून गवत पेटायला तयार असतं, तेव्हा वर चूल मांडणं, बिडी-सिगारेट टाकणं बंद. मार्चनंतर आपल्याकडं पारा चाळीसकडं निघाला की दहाच्या आत डोंगर उतरून व्हायला हवं, नाहीतर जाऊच नये.

एक नियम बाराही महिने : वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ होत चाललं असेल, तर ओढा ओलांडायचा नाही. अलीकडंच थांबायचं. बहुतेक वेळा पाऊस थांबल्यावर ओढा लवकर उतरतो. तासभर उशीर झाला तर घरी फोन करता येतो.

सुटकेची वाट असलेला डोंगर

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी असा डोंगर निवडावा, जिथून पायी परत यावंच लागत नाही. आपल्या जिल्ह्याला लागून असा सर्वांत चांगला डोंगर शिखर शिंगणापूरचा. देऊळ साताऱ्याच्या माण तालुक्यात, हजार मीटरच्या आसपास उंचीवर. माळशिरस तालुक्यातल्या नातेपुत्याहून रस्त्यानं वीसेक किलोमीटर. कोथळ्याच्या बाजूनं वर जाणारा मुंगी घाट हा त्याचा खडा चढ. चैत्र शुद्ध द्वादशीला सासवडकडच्या भुत्या तेल्याची मानाची कावड आणि इतर कावडी याच घाटानं वर जातात. पाण्यानं भरलेली अवजड कावड माणसांची साखळी करून हातोहात चढवतात, ते बघितलेल्याला घाटाची चढण किती आहे हे सांगावं लागत नाही.

यात्रेचे दिवस सोडून हिवाळ्यात सकाळी हा घाट चढावा. वर शंभू महादेव आणि खालच्या अंगाला बळीचं देऊळ, मालोजीराजांनी बांधवलेलं पुष्कर तळं, प्रसादाची दुकानं, चहा, सगळं आहे. गुडघा बोलला, कुणाला चक्कर आली, तर वरून गाडीरस्त्यानं खाली येता येतं. एक गाडी आधीच वर पाठवून ठेवली तर आणखी उत्तम. खड्या घाटानं चढायचं आणि रस्त्यानं उतरायचं, असं केलं की गुडघे वाचतात. ज्येष्ठ मंडळींना गाडीनं वर नेऊन बाकीच्यांनी चढायचं, असंही जमतं, म्हणजे घरातल्या सगळ्यांची सहल होते.

पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याच्या लोकांना सातारा–पंढरपूर रस्ता हाच आधार. पिलीव, म्हसवड, गोंदवले, दहिवडी असं पुढं गेलं की महिमानगड आणि त्यानंतर पुसेगावच्या पलीकडं वर्धनगड. पंढरपूरहून वर्धनगड शंभर-सव्वाशे किलोमीटर. शिवकाळात बांधलेला हा गड अगदी रस्त्यालगत आहे, गाव पायथ्याला, तटबंदी अजून चांगली उभी, आणि गावातून चढायला सावकाश गेलं तरी पाऊण तास. माथ्यावर वर्धनीमातेचं देऊळ. पोरं-बायका घेऊन जायचं असेल तर यापेक्षा सोपा किल्ला या बाजूला शोधून सापडणार नाही. महिमानगड साधारण तेवढाच. दोन्ही गड एका दिवसात करता येतात, आणि येताना गोंदवल्याला महाराजांच्या समाधीचं दर्शन. भूषणगड वडूजच्या बाजूला, सपाट रानात एकटाच उभा. वर हरणाई देवीचं देऊळ असल्यामुळं पायऱ्यांची सोय आहे.

बार्शी, माढा, उत्तर सोलापूरकरांनी मात्र उलटी दिशा धरावी. येडशीचं रामलिंग बार्शीहून तासाभराच्या आत, कुर्डुवाडी–लातूर लोहमार्गावर येडशी स्टेशनही आहे. रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, सुमारे बावीस चौरस किलोमीटरचं. देऊळ दरीत आहे, आणि पावसाळ्यात बाजूला धबधबा पडतो. लक्षात ठेवायचं ते हे की इथं आधी उतार आणि नंतर चढ. जाताना हलकं वाटतं, परतताना दम लागतो, म्हणून ताकद राखून ठेवायची. करमाळ्याच्या लोकांना जामखेडच्या पुढचं सौताडा जवळ. विंचरणा नदीचा धबधबा आणि दरीतलं रामेश्वराचं देऊळ. तिथंही हीच गोष्ट, चढ शेवटी.

अभयारण्यात जाताना

डिसेंबर २०२४ मध्ये रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वरकडून चालत आलेला. पुढं बार्शी तालुक्यातल्या गावांतही त्याच्या शिकारी झाल्या, वनखात्यानं पकडायचे प्रयत्न केले, बार्शीकरांना तो सगळा हिवाळा आठवत असेल. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्यानं तिघांचा जीव घेतला होता. घाबरून घरी बसायचं असं नाही, पण अभयारण्यात किंवा उसाला लागून असलेल्या डोंगरात जायच्या आदल्या दिवशी वनखात्याकडं चौकशी करावी. हॅलो फॉरेस्टचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. पहाटे आणि दिवस मावळताना रानात राहू नये, देवळाची रुळलेली वाट सोडू नये, लहान पोरं गटाच्या मधे ठेवावीत.

वाघ-बिबट्यापेक्षा जास्त लोकांना खरं तर मधमाश्या चावतात. किल्ल्याच्या कड्याला, दरवाजाच्या कमानीला आग्या मोहोळ असतं. अत्तर, धूर, मोठ्यानं लावलेलं गाणं, दगड मारणं यातल्या कशानंही ते उठतं. उठलंच तर हात न झटकता तोंड-डोकं कपड्यानं झाकून तिथून लांब जायचं. अनेक डंख बसलेल्या माणसाला थेट दवाखान्यात न्यायचं.

पिशवीत काय

माणशी निदान तीन लिटर पाणी. गडावरच्या टाक्यातलं पाणी आहे म्हणून ऐकलं तरी त्याच्या भरवशावर जाऊ नये. मार्चपर्यंत कित्येक टाकी आटतात आणि उरलेल्यांवर शेवाळ असतं. खायला बाहेरचं काही घ्यायची गरजच नाही. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी हे डोंगरासाठीच केलंय असं वाटावं इतकं सोयीचं. भाकरी मोडत नाही, विटत नाही, चटणीतलं मीठ घामानं गेलेलं भरून काढतं आणि शेंगदाणा पोटाला दम देतो. सोबत गूळ आणि दोन-तीन लिंबं. वेफर्सची पाकिटं न्यायचीच असतील तर रिकामी परत आणा. रामलिंगला तर माकडं पाकीट बघूनच अंगावर येतात.

टॉर्च प्रत्येकी एक, दिवसाची सहल असली तरी. मोबाइलची बॅटरी टॉर्चला वापरली की फोन करायला उरत नाही. डोंगरात रेंज शोधून शोधून बॅटरी लवकर संपते, म्हणून गरज नसेल तेव्हा फ्लाइट मोडवर टाका, आणि त्या भागाचा नकाशा आदल्या रात्री वायफाय किंवा चांगल्या रेंजमध्ये डाउनलोड करून ठेवा. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशात. घरी एका माणसाला मेसेज करून ठेवा : कुठला डोंगर, पायथ्याचं गाव कुठलं, गाडी कुठं लावली, कोण कोण आहे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधाशोध सुरू करायची. पायथ्याच्या गावात देवळापाशी किंवा हॉटेलवाल्यालाही सांगून जा, रात्री आधी धावून येणार तो तोच.

मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन लागला तर आधी गाव आणि तालुका सांगा, मग डोंगराची कुठली बाजू ते. सिम्हाला रेंज दाखवत नसली तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर तो कॉल जाऊ शकतो. नाहीच लागला तर दोघांनी खाली गावात जायचं, एकट्याला पाठवायचं नाही, आणि जखमी माणसाजवळ कुणीतरी थांबायचंच.